आतड्यांतील पेप्टाइड आणि कर्करोगाच्या पेशींची वाढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आतड्यांतील पेप्टाइड म्हणजे नेमके काय?

जठरापासून मोठ्या आतड्यापर्यंतच्या अस्तरात विखुरलेल्या काही पेशी अन्नाची, आम्लाची आणि स्निग्ध पदार्थांची चाहूल घेतात आणि अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या रक्तात किंवा शेजारच्या पेशींकडे सोडतात. या साखळ्या म्हणजे पेप्टाइड. निरोप पोचवणे हे त्यांचे काम असल्यामुळे त्यांची गणना संप्रेरकांत होते.

१९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याचे अस्तर खरवडून, आम्लात खलून त्याचा अर्क शिरेत टोचला, तेव्हा स्वादुपिंडातून रस झरू लागला. निरोप चेतातंतूंनी नव्हे, रक्तातून गेला होता. त्या द्रव्याला त्यांनी सीक्रेटिन म्हटले आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा सर्व द्रव्यांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरात आणला. त्याच वर्षी जॉन एडकिन्स यांनी जठरातील गॅस्ट्रिनची कल्पना मांडली, पण ती जवळजवळ साठ वर्षे संशयात राहिली. लिव्हरपूलमध्ये रॉडरिक ग्रेगरी आणि हिल्डा ट्रेसी यांनी डुकराच्या जठरातून गॅस्ट्रिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले, ते १९६४ मध्ये. त्याच्या मुख्य रूपात अवघी १७ अमिनो आम्ले आहेत. वाढ रोखणाऱ्या सोमॅटोस्टॅटिन या पेप्टाइडच्या लहान रूपात १४, तर स्निग्ध पदार्थांमुळे बाहेर पडणाऱ्या न्यूरोटेन्सिनमध्ये १३.

पचनाच्या संप्रेरकांचा पेशींच्या वाढीशी काय संबंध?

आतड्याचे अस्तर हे शरीरातील सर्वांत झपाट्याने नवे होणाऱ्या ऊतींपैकी एक आहे. लहान आतड्याच्या आतील पेशींचा थर साधारण चार-पाच दिवसांत झडून नवा येतो. इतकी मोडतोड आणि उभारणी अखंड चालू असते, तेथे ‘पाचक रस सोडा’ आणि ‘पेशी वाढवा’ हे दोन्ही निरोप एकाच द्रव्याने द्यावेत, यात नवल नाही. जठराचा गॅस्ट्रिन तयार करणारा शेवटचा भाग शस्त्रक्रियेने काढला, तर उरलेल्या जठराचे आम्ल तयार करणारे अस्तर हळूहळू पातळ होते. उलट गॅस्ट्रिन दीर्घकाळ जास्त राहिले, तर ते अस्तर जाड होते. म्हणजे वाढीचा निरोप ही या पेप्टाइडची विकृती नसून त्यांचे नित्यकर्म आहे.

मग पेप्टाइडमुळे कर्करोग होतो, असे म्हणायचे का?

सरसकट तसे म्हणता येत नाही. पेशीच्या डीएनएमध्ये बिघाड होणे ही एक गोष्ट आणि बिघडलेल्या पेशीला वाढीचा रेटा मिळणे ही दुसरी. पेप्टाइड प्रामुख्याने दुसऱ्या टप्प्यावर काम करतात, आणि तेही त्या पेशीच्या पृष्ठभागावर संबंधित ग्राही, म्हणजे रोजच्या बोलण्यातला रिसेप्टर, असेल तरच. ज्या पेशीवर गॅस्ट्रिनचा रिसेप्टर नाही, तिच्यापुढे गॅस्ट्रिनचा पूर आला तरी ती पेशी थेट गॅस्ट्रिनमुळे वाढणार नाही. या विषयावरची कोणतीही बातमी वाचताना पहिला प्रश्न ‘कोणते पेप्टाइड?’ हा विचारला जातो. खरे तर तो ‘कोणत्या पेशीवरचा कोणता रिसेप्टर?’ असा असायला हवा. पुढील बहुतेक उत्तरे या एका मुद्द्याभोवती फिरतात.

रिसेप्टरला पेप्टाइड चिकटल्यावर पेशीच्या आत काय घडते?

या पेप्टाइडचे बहुतेक रिसेप्टर पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर ओवलेले प्रथिन असतात. गॅस्ट्रिन, न्यूरोटेन्सिन किंवा जीआरपी (गॅस्ट्रिन बाहेर सोडायला लावणारे पेप्टाइड) बाहेरून चिकटले की आतील बाजूस कॅल्शियमची पातळी उसळते, एकापाठोपाठ एक एन्झाइमे जागी होतात आणि अखेरीस केंद्रकातील पेशीविभाजनाची जनुके सुरू होतात. काही पेशींत हा निरोप वाट वाकडी करून ईजीएफआर या वाढीच्या दुसऱ्या रिसेप्टरलाही चेतवतो, म्हणजे एका दारावरची थाप शेजारच्या दारावरही ऐकू जाते. याखेरीज पेशीचा नियोजित मृत्यू लांबवणारे मार्गही सक्रिय होऊ शकतात, आणि गाठीच्या दृष्टीने नवी पेशी जन्मणे जितके लाभाचे, तितकेच जुनी पेशी न मरणेही लाभाचे असते.

सोमॅटोस्टॅटिनचे रिसेप्टर दिसायला याच घराण्यातले असले, तरी त्यांचा स्वभाव उलटा आहे. ते कॅल्शियमचा ओघ रोखतात, स्राव थांबवतात आणि वाढीच्या निरोपांवर बोळा फिरवणारी एन्झाइमे कामाला लावतात.

स्वतःच सोडलेल्या पेप्टाइडवर गाठ स्वतःच वाढू शकते का?

होय, आणि या विषयातील सर्वांत विलक्षण प्रकरण तेच आहे. त्याची सुरुवात एका बेडकापासून होते. इटालियन औषधशास्त्रज्ञ व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना उभयचर प्राण्यांच्या कातडीतील रसायनांचा जणू छंदच होता. त्यांच्या चमूने १९७१ मध्ये ‘बॉम्बिना बॉम्बिना’ या युरोपीय बेडकाच्या कातडीतून १४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड वेगळे केले आणि बेडकाच्या नावावरून त्याला बॉम्बेसिन म्हटले. हे द्रव्य सस्तन प्राण्याला टोचले की जठरातून गॅस्ट्रिन बाहेर पडत असे, त्यामुळे सस्तन प्राण्यांतही त्याचे भावंड असणार हा तर्क होता. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस डुकराच्या जठरात ते २७ अमिनो आम्लांच्या रूपात सापडलेही, आणि त्याचे नाव पडले गॅस्ट्रिन रिलीजिंग पेप्टाइड, संक्षेपाने जीआरपी.

दरम्यान फुप्फुसाच्या स्मॉल सेल प्रकारच्या कर्करोगाच्या पेशी बॉम्बेसिनसारखे द्रव्य मोठ्या प्रमाणात तयार करतात, असे दिसून आले. त्याच पेशींवर त्याचे रिसेप्टरही होते. १९८५ मध्ये अमेरिकेतील फ्रँक कुटिटा आणि सहकाऱ्यांनी या पेप्टाइडला पकडून ठेवणारे प्रतिपिंड वापरले, तेव्हा काचपात्रातील पेशींची आणि माऊसमध्ये रुजवलेल्या मानवी गाठींची वाढ मंदावली. पेशी स्वतःच हाक मारत होती आणि स्वतःच ओ देत होती. मधली हाक अडवताच तिचा जोर ओसरला.

येथून पुढचा भाग बातम्यांत सहसा येत नाही. हेच प्रतिपिंड नंतर मोजक्या रुग्णांना दिले गेले. मूल्यमापन करता आलेल्या १२ जणांपैकी एकाची गाठ चार महिने तपासण्यांत दिसेनाशी झाली, काहींचा आजार काही काळ स्थिर राहिला, बाकीच्यांचा वाढत गेला. स्मॉल सेल कर्करोगाच्या पेशी एकाच हाकेवर अवलंबून नसतात. एक अडवली तर दुसरी कामी येते. आज जीआरपीचा प्रत्यक्ष उपयोग उरला आहे तो या कर्करोगाच्या निदानाला आणि पाठपुराव्याला मदत करणारी रक्तातील खूण म्हणून. तेथे त्याचे पूर्वरूप, म्हणजे प्रो-जीआरपी, मोजले जाते. जीआरपीचे रिसेप्टर प्रोस्टेटच्या आणि काही स्तनकर्करोगांच्या पेशींवरही आढळतात, आणि त्यांना चिकटणारी किरणोत्सारी द्रव्ये वापरून गाठ शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत.

गॅस्ट्रिनमुळे माणसात गाठी वाढतात याचा थेट पुरावा आहे का?

आहे, आणि तो पर्निशियस अॅनिमियाच्या रुग्णांत मिळतो. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती जठरातील आम्ल तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते. आम्ल संपते, ब जीवनसत्त्वांतील बी-१२ शोषले जात नाही आणि रक्त कमी होते. निरोगी जठरात आम्ल वाढले की गॅस्ट्रिन थांबते. येथे आम्लच नसल्यामुळे थांबण्याचा इशारा कधी मिळतच नाही, आणि गॅस्ट्रिन वर्षानुवर्षे कित्येक पटींनी चढलेले राहते. त्या सततच्या रेट्याने जठरातील ईसीएल नावाच्या, हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी वाढू लागतात आणि काही रुग्णांत त्यांच्या छोट्या गाठी बनतात. जठरातील न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरकासारखी द्रव्ये सोडणाऱ्या पेशींच्या, गाठींपैकी ७० ते ८० टक्के गाठी या ‘टाइप १’ प्रकारच्या असतात. दुर्बिणीतून पाहताना त्या बहुधा एक सेंटिमीटरहून लहान, अनेक आणि मण्यांसारख्या दिसतात. त्या इतरत्र पसरण्याचा धोका कमी असतो, म्हणून कित्येकदा ठरावीक काळाने एंडोस्कोपी करून त्यांच्यावर नजर ठेवली जाते किंवा त्या दुर्बिणीतूनच काढल्या जातात.

कारण आणि परिणाम यांची साखळी येथे उलट बाजूनेही तपासली गेली आहे. गॅस्ट्रिन तयार करणारा जठराचा भाग काढल्यावर अनेक रुग्णांत या गाठी ओसरल्या. गॅस्ट्रिनचा रिसेप्टर अडवणाऱ्या नेटाझेपाइड या प्रायोगिक गोळीने गाठींची संख्या आणि आकार घटला. औषध थांबवल्यावर रक्तातील क्रोमोग्रॅनिन, म्हणजे या पेशींची खूण, पुन्हा चढले. पेप्टाइड आणि गाठ यांच्या नात्याचा माणसातला इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

आम्लपित्तासाठी वर्षानुवर्षे पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेतल्यास गॅस्ट्रिन वाढते. मग धोका नाही का?

प्रश्न रास्त आहे, आणि तो औषध बाजारात येण्यापूर्वीच विचारला गेला होता. रॅटना आयुष्यभर ओमेप्राझोलचे मोठे डोस दिल्यावर त्यांच्या जठरात ईसीएल पेशींच्या गाठी झाल्या होत्या, विशेषतः माद्यांत. मात्र रॅटच्या जठरात या पेशी मुळातच जास्त असतात आणि औषधाने त्याचे गॅस्ट्रिन माणसापेक्षा बरेच अधिक चढते. माणसात ही वाढ बहुधा मर्यादित राहते. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या काहींच्या जठरात ईसीएल पेशींची संख्या वाढलेली दिसते, पण तीन दशकांहून अधिक काळ जगभर झालेल्या प्रचंड वापरात रॅटसारखे चित्र दिसलेले नाही. तरीही ‘गॅसची गोळी’ म्हणून ही औषधे आपल्याकडे ज्या सहजतेने दुकानातून महिनोन्‌महिने आणली जातात, ती सवय चांगली नाही. गोळी कशासाठी आणि किती काळ घ्यायची, हे डॉक्टरांना वर्षातून एकदा तरी विचारावे. रक्तस्राव टाळण्यासाठी किंवा अन्ननलिकेच्या आजारासाठी ती दिलेली असेल, तर मात्र भीतीपोटी परस्पर बंद करू नये.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात गॅस्ट्रिनचा हात आहे का?

येथे उत्तर अर्धवट आहे. पूर्ण घडलेल्या गॅस्ट्रिनपेक्षा त्याची कच्ची रूपे, म्हणजे प्रोगॅस्ट्रिन आणि शेवटी ग्लायसिन हे अमिनो आम्ल राहिलेले गॅस्ट्रिन, मोठ्या आतड्याच्या पेशींना अधिक वाढवतात, असे नव्वदीच्या दशकापासूनच्या प्रयोगांत दिसले. मोठ्या आतड्यातील कर्करोगपेशी ही रूपे स्वतः तयार करतात, पण त्यांना अखेरचा हात फिरवण्याची यंत्रणा त्यांच्याकडे अनेकदा अपुरी असते. गॅस्ट्रिनविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करणारी जी१७डीटी ही लसही बनवली गेली. स्वादुपिंडाच्या कर्करोगात जेमसिटाबिन या केमोथेरपीच्या औषधाच्या जोडीने झालेल्या मोठ्या चाचणीत तिने रुग्णांचे आयुष्य वाढवले नाही.

सोयाबीनमुळे स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, असे वाचले. खरे आहे का?

या समजाचे मूळ खऱ्या प्रयोगात आहे, पण तो प्रयोग कच्च्या सोयापिठाचा आणि रॅटचा आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवणारे घटक असतात. ट्रिप्सिन अडले की लहान आतडे सीसीके नावाचे पेप्टाइड अधिक सोडते, आणि सीसीकेच्या सततच्या माऱ्याने रॅटचे स्वादुपिंड मोठे होत जाऊन पुढे त्यात गाठी बनतात. माऊसमध्येदेखील असा परिणाम त्या प्रमाणात दिसत नाही, आणि माणसाच्या स्वादुपिंडातील सीसीकेच्या रिसेप्टरांची मांडणी रॅटहून वेगळी आहे. शिवाय उकडण्या-भाजण्याने हे अडवणारे घटक बहुतांशी नष्ट होतात. आपल्याकडे सोयाबीन भाजून मगच गव्हात मिसळून दळण्याची पद्धत आहे, ती पचनाच्या दृष्टीनेही योग्यच आहे.

तेलकट-तुपकट खाण्याचा आणि या पेप्टाइडचा संबंध आहे का?

स्निग्ध पदार्थ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोचले की न्यूरोटेन्सिन बाहेर पडते, आणि स्वादुपिंडाच्या तसेच मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगपेशींवर त्याचा रिसेप्टर असतो. काचपात्रात त्या पेशी न्यूरोटेन्सिनने वाढतात. स्वीडनमधील माल्मो येथील लोकसंख्येच्या अभ्यासात, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपाशीपोटी या पेप्टाइडचे पूर्वरूप ज्या स्त्रियांच्या रक्तात जास्त होते त्यांच्यात पुढे स्तनकर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. हा सहसंबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. तुपाच्या एका चमच्याचा हिशेब त्यावरून मांडू नये.

वाढ थांबवणारे पेप्टाइड औषध म्हणून वापरले जाते का?

सोमॅटोस्टॅटिन हे त्याचे ठळक उदाहरण आहे. १९७३ मध्ये रॉजर गिलमाँ यांच्या प्रयोगशाळेत ते मेंढीच्या मेंदूतून वेगळे केले गेले, पण आतड्यांत आणि स्वादुपिंडातही ते भरपूर तयार होते. रक्तात ते एक ते तीन मिनिटांत निम्मे उरते, त्यामुळे जसेच्या तसे औषध म्हणून गैरसोयीचे. म्हणून त्याचा कामाचा गाभा राखून आठ अमिनो आम्लांचे ऑक्ट्रिओटाइड बनवले गेले, ज्याला निम्मे उरायला दीड तासाच्या आसपास लागतो. सुरुवातीला त्याचा उपयोग केवळ लक्षणांसाठी होता. न्यूरोएंडोक्राइन गाठी सेरोटोनिनसारखी द्रव्ये सोडतात तेव्हा चेहरा लालबुंद होतो आणि पातळ जुलाब होतात. अशा रुग्णाला कित्येकदा वर्षानुवर्षे ‘पोट बिघडले’ म्हणून गोळ्या मिळत राहतात आणि मूळ गाठ लहान आतड्यात शेंगदाण्याएवढी बसलेली असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत.

औषध लक्षणांपलीकडे गाठीची वाढही रोखते, हे २००९ च्या प्रोमिड चाचणीत दिसले. लहान आतड्याच्या भागातील पसरलेल्या गाठी असलेल्या ८५ रुग्णांत, आजार वाढेपर्यंतचा मध्यक काळ दीर्घकाळ काम करणारे ऑक्ट्रिओटाइड घेणाऱ्यांत १४.३ महिने, तर निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांत ६ महिने होता. २०१४ च्या क्लॅरिनेट चाचणीत २०४ रुग्णांना लॅनरिओटाइड हे त्याच जातीचे औषध किंवा निष्क्रिय औषध दिले. २४ महिन्यांनी आजार न वाढता राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६५.१ आणि ३३ टक्के होते. गाठ थबकते, क्वचितच आक्रसते. रुग्णाला हे आधी सांगितले नाही, तर पहिल्या स्कॅननंतर ‘औषध लागू पडले नाही’ असा गैरसमज होतो.

प्रत्यक्ष इंजेक्शनची गोष्टही सांगण्याजोगी आहे. दीर्घ परिणामाचे ऑक्ट्रिओटाइड फ्रिजमधून काढून अर्धा ते एक तास खोलीच्या तापमानाला ठेवावे लागते, भुकटी द्रवात सावकाश मिसळावी लागते आणि मिसळल्याबरोबर लगेच कुल्ल्याच्या स्नायूत खोल टोचावे लागते. रेंगाळले तर भुकटी तळाशी बसते आणि सुई तुंबते. ते दर चार आठवड्यांनी घ्यायचे असते. दीर्घ वापरात पित्ताशयात खडे होऊ शकतात, कारण जेवणानंतर पित्ताशय आवळणाऱ्या सीसीकेलाच हे औषध दाबून टाकते.

पेप्टाइडला किरणोत्सारी द्रव्य जोडून उपचार करतात, ते काय असते?

न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनचे रिसेप्टर दाटीने असतात. त्यांना चिकटणाऱ्या पेप्टाइडला गॅलियम-६८ जोडले तर पेट स्कॅनवर गाठी उजळून दिसतात. ल्युटेशियम-१७७ जोडले तर तेच पेप्टाइड किरणांचा मारा पेशीच्या दारात नेऊन पोचवते. स्कॅनवर प्लीहा, मूत्रपिंडे आणि मेंदूच्या तळाची पिट्यूटरी ग्रंथी निरोगी माणसातही चमकतात, कारण हे रिसेप्टर तेथेही असतात किंवा द्रव्य तेथून बाहेर टाकले जाते. अहवालासोबतचे चित्र पाहून नातेवाईक घाबरतात, ते बरेचदा या चमकांमुळे.

उपचाराचे साधारणपणे चार डोस आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने दिले जातात, आणि मूत्रपिंडे वाचवण्यासाठी सोबत लायसिन व आर्जिनिन या अमिनो आम्लांचे सलाइन चालते. २०१७ च्या नेटर-१ चाचणीत २० महिन्यांनंतर आजार न वाढलेल्यांचे प्रमाण या उपचाराने ६५.२ टक्के, तर केवळ ऑक्ट्रिओटाइडच्या मोठ्या डोसने १०.८ टक्के होते. एकूण आयुर्मानातील फरक मात्र पुढे संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही. मराठी वाचकांना हे उपचार दूरचे वाटू नयेत : ल्युटेशियम-१७७ तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळ येथील विकिरण औषधी केंद्र हे उपचार करते. अभिनेते इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्या न्यूरोएंडोक्राइन गाठीविषयी जाहीरपणे सांगितले, तेव्हा हे नाव आपल्याकडे अनेकांनी प्रथमच ऐकले.

या सगळ्या इतिहासात एक गंमत लक्षात येते. पेप्टाइडची हाक बंद पाडण्याचे बेत बहुधा फसले. ती हाक ऐकणाऱ्या रिसेप्टरचा पत्ता म्हणून वापर केला, तेव्हा वैद्यकाच्या हाती खरे काही लागले.

वजन आणि मधुमेहासाठी घेतले जाणारे सेमाग्लुटाइड हेही आतड्यातील पेप्टाइडसारखेच आहे. त्याने कर्करोग होतो का?

सेमाग्लुटाइड हे जीएलपी-१ या आतड्यातील पेप्टाइडची नक्कल करते. रॅट आणि माऊसमध्ये अशा औषधांनी थायरॉइडच्या सी पेशींच्या गाठी झाल्या, कारण त्यांच्या सी पेशींवर या पेप्टाइडचे रिसेप्टर भरपूर असतात. माणसाच्या सी पेशींवर ते फारच कमी असतात. युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने २०२३ मध्ये उपलब्ध पुराव्यावरून थायरॉइड कर्करोगाशी कारणसंबंध दिसत नसल्याचे म्हटले. तरीही स्वतःला किंवा जवळच्या नात्यात मेड्युलरी, म्हणजे सी पेशींचा, थायरॉइड कर्करोग अथवा मेन-२ हा आनुवंशिक विकार असेल, तर ही औषधे देत नाहीत, आणि ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगायला हवी.

त्याचे भावंड जीएलपी-२ आतड्याचे अस्तर खरोखरच वाढवते. त्यावरून बनवलेले टेड्युग्लुटाइड आतड्याचा मोठा भाग काढावा लागलेल्या रुग्णांना देतात. येथे वाढ हाच उपचार असल्यामुळे सावधगिरीही तशीच आहे : प्रौढ रुग्णांत औषध सुरू करण्याआधीच्या सहा महिन्यांत कोलोनोस्कोपी करून मोठ्या आतड्यातील पॉलिप काढून टाकायचे असतात.

क्रोमोग्रॅनिन किंवा गॅस्ट्रिनची तपासणी वाढलेली आली. कर्करोगच समजायचा का?

तेवढ्यावरून नाही. गॅस्ट्रिनची तपासणी उपाशीपोटी करायची असते, आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी गॅस्ट्रिन आणि क्रोमोग्रॅनिन दोन्ही चढतात; मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असले तरी क्रोमोग्रॅनिन वाढते. एखाद्या अहवालात क्रोमोग्रॅनिन तिप्पट दिसते, घरात रडारड होते, आणि पुढच्या भेटीत कळते की रुग्ण रोज सकाळी पँटोप्राझोल घेत होता. ती गोळी डॉक्टरांच्या संमतीने साधारण दोन आठवडे थांबवून तपासणी पुन्हा केली की आकडा अनेकदा खाली येतो. फार तीव्र जळजळ किंवा अल्सरचा इतिहास असेल, तर मात्र ती परस्पर थांबवणे धोक्याचे ठरू शकते, विशेषतः ज्यांच्यात झोलिंजर-एलिसन विकाराची, म्हणजे गॅस्ट्रिन सोडणाऱ्या गाठीची शंका आहे त्यांच्यात. रक्त देताना चालू औषधांची नावे आणि शेवटची गोळी घेतल्याची तारीख तपासणीच्या कागदावर लिहून द्यावी.